देवगिरीची दहा चक्रे, नाथांची नऊ आणि तक्त्यावरची सात : चक्रकल्पनेचे मूळ कोठे शोधावे?

गोदाकाठ (पैठण)

गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात तालुक्याच्या गावांपर्यंत योगवर्ग आणि ध्यानशिबिरे पोहोचली आहेत. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी भिंतीवर एक तक्ता लावलेला असतो: पद्मासनातली आकृती, कण्यावर खालून वर चढत गेलेली सात वर्तुळे, म्हणजे सात चक्रे, आणि त्यांना तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत इंद्रधनुष्याच्या क्रमाने दिलेले सात रंग. हे ज्ञान पाच हजार वर्षांपूर्वीचे आणि थेट वेदांतले आहे, असे तेथे सांगितले जाते. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय नेमाने वाचणाऱ्याला हा तक्ता पाहून प्रश्न पडल्यावाचून राहत नाही, कारण त्या अध्यायात कुंडलिनीचे, म्हणजे कण्याच्या तळाशी निजलेल्या शक्तीचे, एवढे सविस्तर वर्णन असूनही हा तक्ता तेथे कोठेच सापडत नाही.

ज्ञानदेवांनी काय सांगितले आहे ते आधी पाहू. साधक वज्रासनात बसतो, मूळबंध घालतो, जालंधर आणि वोढियाणा हे बंध पडतात, कोंडलेला अपान, म्हणजे खाली जाणारा वायू, माघारी फिरतो आणि आसनाच्या उबेने कुंडलिनी जागी होते. 'नागाचें पिलें । कुंकुमें नाहलें । वळण घेऊनि आलें । सेजे जैसें' ही ओवी आपल्याकडे अनेकांना पाठ आहे. पुढे ती शक्ती भुकेली होऊन शरीरातले मांस आणि धातू खाते, देह जणू नवा होतो, त्याला सोन्यासारखी कांती येते. या साऱ्या वर्णनात स्वाधिष्ठानाचे नाव येते ते वोढियाणा बंध कोठे पडतो हे दाखवण्यासाठी, आणि मणिपुराचे नाव येते ते कोंडलेला अपान तेथे झुंजतो म्हणून. कोणत्या कमळाला किती पाकळ्या, पाकळीवर कोणते अक्षर, आत कोणती देवता, यांतले काहीही तेथे नाही. अठराव्या अध्यायात आधारापासून आज्ञेपर्यंतचा भेद आणि सहस्रदळ यांचा उल्लेख येतो, पण तोही ओझरताच.

मूळ गीतेच्या सहाव्या अध्यायात तर कुंडलिनीही नाही. शुचि स्थळी आसन, ताठ पाठ, नासिकाग्री दृष्टी आणि मनाचा संयम, एवढेच श्रीकृष्णांनी सांगितले आहे. आपण जे विस्ताराने सांगितले ते कोठून आले याची जाणीव ज्ञानदेवांना पूर्ण होती, म्हणूनच ते लिहितात, 'पिंडें पिंडाचा ग्रासु । तो हा नाथसंकेतींचा दंशु । परि दाऊनि गेला उद्देशु । महाविष्णु'. व्यासांच्या श्लोकावर टीका करताना आपल्या गुरुपरंपरेचा संकेत आपण येथे उलगडला, हे त्यांनी इतक्या स्वच्छपणे नोंदवून ठेवले आहे, याचे मला फार मोल वाटते.

मग नाथसंकेत काय सांगतो? येथेच माझी खरी अडचण सुरू होते. गोरक्षनाथांच्या नावावरील गोरक्षशतक या ग्रंथात 'षट्चक्रं षोडशाधारं' असा श्लोक आहे. त्यांच्याच नावावरील सिद्धसिद्धान्तपद्धतीत त्याच घडणीचा श्लोक 'नवचक्रं कलाधारं' असा सुरू होतो, आणि हे जो नीट जाणत नाही तो नावापुरताच योगी, असे बजावतो. काश्मीरकडच्या नेत्रतंत्र या शैव ग्रंथात हाच साचा 'ऋतुचक्रं स्वराधारं' या शब्दांत आहे, म्हणजे ऋतूंइतकी सहा चक्रे आणि स्वरांइतके सोळा आधार, म्हणजे शरीरातली ध्यानाची स्थाने. श्लोकाचा साचा एक, आणि संख्या मात्र कोठे सहा तर कोठे नऊ. संख्या न जाणणारा योगीच नव्हे असे म्हणणाऱ्या परंपरेत संख्याच वेगवेगळ्या का असाव्यात? ही कल्पना किती जुनी आहे, आणि ज्यांनी ती मांडली त्यांना चक्र म्हणजे नेमके काय अभिप्रेत होते? जाणकारांनी ग्रंथाधार देऊन लिहावे, ही विनंती.

बालाघाट (पाटोदा, जि. बीड)

विषय जिव्हाळ्याचा आहे. आमचा तालुका गहिनीनाथांच्या गडाचा, आणि मच्छिंद्रनाथांचे मायंबा हे स्थान शेजारच्या आष्टी तालुक्यात. त्यामुळे नाथपंथाच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. चक्रांचे मूळ वेदांतच आहे, असे माझे मत आहे. अथर्ववेदाच्या दहाव्या कांडातील दुसऱ्या सूक्तात 'अष्टाचक्रा नवद्वारा देवानां पूरयोध्या' असा मंत्र आहे. आठ चक्रांची आणि नऊ दारांची ही देवांची नगरी म्हणजे मानवी शरीरच होय. छांदोग्य आणि कठ या दोन्ही उपनिषदांत हृदयाच्या एकशे एक नाड्या सांगितल्या असून त्यांतली एक मस्तकाकडे जाते आणि तिने वर जाणारा अमृतत्व पावतो, असे म्हटले आहे. ही सुषुम्ना, म्हणजे योगातली कण्यामधली मुख्य नाडी, नव्हे तर दुसरे काय?

संख्येच्या भेदाने मात्र मला अडचण वाटत नाही. वेगवेगळ्या दिंड्यांचे मुक्काम वेगवेगळ्या गावी पडतात, तरी पंढरपूर एकच असते.

सूरसंगती (छत्रपती संभाजीनगर)

गोदाकाठ यांनी नेवाशाला शके १२१२ मध्ये झालेल्या ग्रंथापासून आरंभ केला आहे. त्याच्या सुमारे अर्धशतक आधी, येथून हाकेच्या अंतरावर असलेल्या देवगिरीत, चक्रांची एक संपूर्ण यादी लिहिली गेली होती, आणि ती लिहिणारा संगीतशास्त्रकार होता. यादव राजा सिंघण याच्या दरबारात शार्ङ्गदेव हा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या हिशेबखात्याचा मुख्य अधिकारी होता. त्याच्या संगीतरत्नाकरातील पहिल्या अध्यायात पिंडोत्पत्तीचे प्रकरण आहे. नाद शरीरात उत्पन्न होतो, म्हणून आधी शरीर कसे घडते ते सांगितले पाहिजे, अशी त्याची भूमिका आहे, आणि गर्भ, धातू, अस्थी, स्नायू यांचे वर्णन झाल्यावर तो चक्रांकडे येतो.

त्याची चक्रे दहा आहेत. चार पाकळ्यांचे आधार, सहांचे स्वाधिष्ठान, दहांचे मणिपूरक, बारांचे अनाहत आणि सोळांचे विशुद्धी येथपर्यंत यादी आपल्या ओळखीची आहे. त्यानंतर पडजिभेपाशी बारा पाकळ्यांचे ललना चक्र, भुवयांच्या मध्यभागी तीन पाकळ्यांचे आज्ञा चक्र, त्यावर सहा पाकळ्यांचे मनश्चक्र, मग सोळा पाकळ्यांचे सोमचक्र, आणि शेवटी सहस्रपत्र. आज्ञेच्या पाकळ्या आज सर्वत्र दोन सांगितल्या जातात, येथे त्या तीन आहेत.

गाणाऱ्याला खिळवून ठेवील असा भाग याच्या पुढचा आहे. प्रत्येक पाकळीला शार्ङ्गदेव एक फळ देतो, आणि जीव ज्या पाकळीवर असेल तसा माणसाचा भाव होतो, असे मानतो. कंठातले विशुद्धी हे त्याच्या मते भारतीचे, म्हणजे सरस्वतीचे स्थान आहे. त्याच्या पहिल्या सात पाकळ्यांवर प्रणव, उद्गीथ, हुंफट्, वषट्, स्वधा, स्वाहा आणि नमः आहेत, आठवीवर अमृत, त्यापुढच्या सातांवर षड्जापासून निषादापर्यंतचे सात स्वर, आणि सोळावीवर विष. जीव आठव्यापासून पंधराव्या पाकळीपर्यंत असेल तर गायन साधते, सोळाव्या पाकळीवर गेला तर नासते. अनाहतातही पहिली, आठवी, अकरावी आणि बारावी या पाकळ्या गीताला अनुकूल, तर चौथी, सहावी आणि दहावी या प्रतिकूल सांगितल्या आहेत.

हे वाचल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. यज्ञातले उच्चार, अमृत आणि विष, आणि संगीताचे सात स्वर एकाच कमळाच्या पाकळ्यांवर बसवणारा माणूस कंठाच्या आत काय सापडते याची नोंद करीत नव्हता. गायकाच्या कंठाला जे व्हायचे आहे ते सारे तो तेथे स्थापन करीत होता. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे आणि त्याचे आजोबा भास्कर हे दक्षिणेत आले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. काश्मीरची शैव विद्या देवगिरीपर्यंत कोणत्या मार्गांनी पोहोचली असेल, त्यांतला एक मार्ग या घराण्याच्या प्रवासात दिसतो.

गोदाकाठ (पैठण)

सूरसंगती यांचे मनापासून आभार. ज्या शतकात नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली त्याच शतकात देवगिरीत दहा चक्रांची यादी प्रमाण मानली जात होती, म्हणजे आपल्या भूमीत तेव्हा सहा ही संख्या पक्की झालेली नव्हती, एवढे यातून नक्की ठरते.

बालाघाट यांनी दिलेला मंत्र अथर्ववेदात आहे, यात शंका नाही. त्यातली नऊ दारे म्हणजे शरीराची नऊ छिद्रे, हेही सर्वमान्य आहे, आणि गीतेतही 'नवद्वारे पुरे देही' असे येते. आठ चक्रे कोणती, हे मात्र तो मंत्र सांगत नाही. त्यांची स्थाने नाहीत, नावे नाहीत, एकीतून दुसरीकडे जाण्याचा क्रम नाही. पुढच्या काळातील षट्चक्रे मनात धरून आपण तो मंत्र वाचतो, म्हणून तो आपल्याला ओळखीचा वाटतो. उपनिषदांतल्या नाड्यांविषयी आपले म्हणणे मला अधिक वजनदार वाटते, कारण हृदयातून मस्तकाकडे जाणारा आणि मुक्तीशी जोडलेला मार्ग तेथे खरोखरच आहे. परंतु तो मार्ग हृदयापासून सुरू होतो. कण्याच्या तळाशी कोणी निजलेले नाही आणि वाटेत कमळेही नाहीत. पतंजलींच्या विभूतिपादात 'नाभिचक्रे कायव्यूहज्ञानम्' असे सूत्र आहे, त्याला लागूनच कंठकूपाचे सूत्र आहे, पण कंठकूपाला तेथे चक्र म्हटलेले नाही. भागवताच्या दुसऱ्या स्कंधात योगी टाचेने गुद दाबून वायू सहा स्थानांतून वर नेतो असे वर्णन येते, आणि तेथेही 'स्थानेषु षट्सु' असाच शब्द आहे.

म्हणजे वायू वर नेण्याची स्थाने, नाड्या, नाभी, हृदय, तालू, भ्रूमध्य हे घटक जुने आहेत. त्यांना देवता, अक्षरे आणि पाकळ्या जोडून कमळांची माळ बनली ती तांत्रिक संप्रदायांत, साधारणतः इसवी सनाच्या आठव्या ते अकराव्या शतकांदरम्यान. बौद्धांच्या हेवज्रतंत्रात चारच चक्रे आहेत: नाभीपाशी चौसष्ट पाकळ्यांचे निर्माणचक्र, हृदयात आठांचे धर्मचक्र, कंठात सोळांचे संभोगचक्र आणि मस्तकात बत्तिसांचे महासुखचक्र. नेत्रतंत्रात सहा आहेत, पण काश्मीरचे शैव टीकाकार क्षेमराज आपल्या टीकेत त्यांना नाडी, माया, योगी, भेदन, दीप्ती, शांत अशी अगदी निराळी नावे देतात. आज आपण जी नावे घेतो, आधार ते आज्ञा, तो सहांचा क्रम कुब्जिकादेवीच्या उपासनेतील कुब्जिकामतासारख्या तंत्रांत दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास ठळक झाला. नाथांनी तो घेतला आणि हठयोगाच्या ग्रंथांतून तो भारतभर पसरला. बंगालमध्ये पूर्णानंद यतींनी शके १४९९, म्हणजे इसवी सन १५७७ मध्ये श्रीतत्त्वचिंतामणी लिहिला, आणि त्याच्या सहाव्या प्रकाशात षट्चक्रांचे निरूपण केले. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश जॉन वूड्रॉफ यांनी १९१९ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हापासून हा एक क्रम 'भारतीय चक्रपद्धती' म्हणून जगभर मान्य झाला. अनेकांपैकी एक ग्रंथ त्या भाषांतरामुळे साऱ्यांचा प्रतिनिधी ठरला.

पूर्णानंदांच्या ग्रंथातही तक्त्यातले रंग नाहीत. तेथे मणिपुराच्या पाकळ्या पावसाने भरलेल्या मेघासारख्या आहेत, अनाहताच्या बंधूक फुलासारख्या तांबड्या आहेत आणि आज्ञा चंद्रासारखे शुभ्र आहे. हिरवे हृदय आणि निळा कंठ या ग्रंथात शोधूनही सापडणार नाही.

वेरूळवाट (खुलताबाद)

थोडीशी भर घालतो. वेरूळच्या बाराव्या लेण्यात, ज्याला आपण तीन ताल म्हणतो, भिंतीत कोरलेले काही चौकोनी फलक आहेत. तीन आडव्या आणि तीन उभ्या रांगांचे नऊ चौकोन, मधल्या चौकोनात बुद्ध आणि भोवतीच्या आठांत आठ महाबोधिसत्त्व. पर्यटक तेथून पुढे निघून जातात, कारण वरच्या मजल्यावरील मोठ्या मूर्तींनी डोळे दिपलेले असतात. हे फलक म्हणजे दगडातली मंडले आहेत, आणि हे लेणे सातव्या-आठव्या शतकांतले आहे. मध्यभागी प्रमुख देवता आणि तिच्याभोवती ठरलेल्या दिशांना परिवारदेवता, ही मांडणी तंत्रमार्गात चक्र या नावानेही ओळखली जाते. शाक्त परंपरेतली योगिनीचक्रे आणि श्रीचक्र ही याच प्रकारची आहेत.

गोदाकाठ यांनी सांगितलेला काळ आणि हे फलक यांचा मेळ बसतो. जे मंडल आधी भिंतीवर, भूमीवर किंवा वस्त्रावर काढले जात होते, तेच साधकाने न्यासाने, म्हणजे मंत्र म्हणत अंगांवर देवता स्थापून, आपल्या शरीरात मांडले, तेव्हा त्याची कमळे झाली. पाकळ्या म्हणजे परिवारदेवतांची आसने आणि मधला भाग म्हणजे मुख्य देवतेचे पीठ, असे पाहिले की पाकळ्यांच्या संख्या संप्रदायागणिक का बदलतात हेही उलगडते. ज्या संप्रदायाचा जेवढा परिवार, तेवढ्या पाकळ्या.

जोगाईमंडप (अंबाजोगाई)

वेरूळवाट यांच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा देणारा पुरावा आपल्यापैकी अनेक घरांत नवरात्रात रोज म्हटला जातो, म्हणून मुद्दाम लिहीत आहे. ललितासहस्रनामातील ४७५ ते ५३४ ही नावे पाहा. 'विशुद्धिचक्रनिलया' या नावापासून सात योगिनींची वर्णने ओळीने येतात. प्रत्येकीचे स्थान, वर्ण, मुखांची संख्या, शस्त्रे, शरीरातला धातू, आवडता नैवेद्य आणि शेवटी तिचे नाव, असा ठरलेला साचा आहे.

विशुद्धीत डाकिनी आहे. तिला एक मुख आहे, ती त्वचेत राहते आणि तिला पायसान्न प्रिय आहे. अनाहतात राकिनी, दोन मुखांची, रक्तात राहणारी, तिला तुपाने स्निग्ध केलेला भात आवडतो. मणिपुरात लाकिनी, तीन मुखांची, मांसात राहणारी, तिला गूळभात हवा. स्वाधिष्ठानात काकिनी, चार मुखांची, मेदात राहणारी, दहीभातात तिचे मन रमते. मूलाधारात साकिनी, पाच मुखांची, अस्थींत राहणारी, तिला मुगाचा भात. आज्ञेत हाकिनी, सहा मुखांची, मज्जेत राहणारी, तिला हळदीचा भात. सहस्रदलात याकिनी, शुक्रधातूत राहणारी, आणि तिला सर्व प्रकारचे अन्न प्रिय आहे.

हे नैवेद्य आपल्या स्वयंपाकघरातले आहेत, म्हणून ही नावे म्हणताना मला नेहमी वाटते की चक्र ही येथे पूजेची जागा आहे. बसायला आसन, धरायला शस्त्र आणि पुढे नैवेद्य, हे सारे देवघरात असते तेच शरीरात मांडलेले आहे. शरीराचा प्रत्येक धातू एकेका देवीच्या स्वाधीन केला की रक्तमांसाचे हे शरीर पूजेला योग्य होते. आजच्या शिबिरांतून हा देवीचा भाग पूर्णपणे गळला आहे, आणि त्याचे मला फार वाईट वाटते. मूलाधार म्हणजे सुरक्षितता, स्वाधिष्ठान म्हणजे सर्जनशीलता अशी मानसशास्त्रीय वाटणी शिकवली जाते, पण साकिनी आणि काकिनी यांची नावेसुद्धा शिकवणाऱ्यांना ठाऊक नसतात.

पंचमहाभूतांचाही येथे विचार आहे. मूलाधारात पृथ्वी, स्वाधिष्ठानात जल, मणिपुरात तेज, अनाहतात वायू आणि विशुद्धीत आकाश, अशी योजना पूर्णानंदांच्या ग्रंथात आहे, आणि पूजेच्या आरंभी भूतशुद्धी करताना पृथ्वी जलात, जल तेजात असा एकेकाचा लय याच मार्गाने भाविला जातो. आमच्या गावी दासोपंतांची सुमारे चाळीस फूट लांबीची पासोडी आहे, तिचा विषय पंचीकरण, म्हणजे या पाच भूतांची सरमिसळ होऊन पिंड आणि ब्रह्मांड कसे झाले हाच आहे. तो ग्रंथ वेदान्ताचा आणि ही उपासना तंत्राची, तरी दोन्हीकडे प्रश्न एकच आहे.

शरणपथ (निलंगा, जि. लातूर)

आमच्या लिंगायत परंपरेतही षट्चक्रे आहेत, पण त्यांचा उपयोग निराळा आहे. भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि ऐक्य ही सहा स्थले म्हणजे साधकाच्या अवस्था. त्यांतल्या प्रत्येकीला एक लिंग आणि एक चक्र नेमलेले आहे: आधारात आचारलिंग, स्वाधिष्ठानात गुरुलिंग, मणिपुरात शिवलिंग, अनाहतात जंगमलिंग, विशुद्धीत प्रसादलिंग आणि आज्ञेत महालिंग. शिवाचे इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करणारा साधक त्याच शिवाला आपल्या शरीरात या सहा ठिकाणी पाहतो. जोगाईमंडप यांनी योगिनींविषयी जे लिहिले तेच येथे लिंगांविषयी म्हणता येईल. स्थाने तीच, वसवलेले दैवत वेगळे.

शुश्रूषा (नांदेड)

मी ॲलोपॅथीची डॉक्टर आहे. चर्चेचा सूर पाहून लिहिण्याचा धीर आला. माझ्याकडे येणाऱ्या एका रुग्णाने थायरॉइडची गोळी परस्पर बंद केली होती, कारण एका शिबिरात त्यांना 'तुमचे विशुद्धी चक्र बंद आहे, ते उघडले की गोळीची गरज नाही' असे सांगण्यात आले होते. काही महिन्यांत अंगावर सूज, थकवा आणि मंदावलेली नाडी अशा अवस्थेत ते परत आले. म्हणून चक्रे आणि शरीरातल्या अंतःस्रावी ग्रंथी यांची सांगड कोणी आणि केव्हा घातली, हा प्रश्न माझ्या दृष्टीने केवळ इतिहासाचा नाही.

शरीर फाडून चक्रे शोधण्याचा प्रयत्न झालेला आहे. स्वामी दयानंद सरस्वतींनी आत्मकथनात लिहून ठेवले आहे की, नदीतून वाहत आलेले एक प्रेत त्यांनी काठावर ओढून चाकूने उघडले, हठयोगाच्या ग्रंथांतील वर्णनाशी ताडून पाहिले, आणि मेळ बसेना तेव्हा ते ग्रंथ फाडून प्रेतासोबत नदीत सोडून दिले. त्यांच्या सत्यनिष्ठेविषयी मला अतिशय आदर आहे. परंतु वर सूरसंगती आणि जोगाईमंडप यांनी जे दाखवून दिले ते पाहता, त्या ग्रंथांना शवविच्छेदनाची कसोटी लावणे म्हणजे त्यांनी जो दावा केलाच नव्हता तो तपासणे होय.

पुढे उलट दिशेचा प्रयत्न झाला. मुंबईचे डॉ. वसंत गंगाराम रेळे यांनी १९२७ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहून कुंडलिनी म्हणजे व्हेगस हा मज्जातंतू, असे प्रतिपादन केले. त्याला प्रस्तावना वूड्रॉफ यांची होती, आणि कुंडलिनीला एका मज्जातंतूपुरते मानण्याशी आपण सहमत नाही, असे त्यांनी तीत सौजन्याने नोंदवले. त्याच वर्षी थिऑसॉफिस्ट लेडबीटर यांचे चक्रांवरील पुस्तक निघाले, आणि त्यांनी स्वाधिष्ठानाच्या जागी प्लीहेचे चक्र घातले. चक्रांचा ग्रंथींशी मेळ घालण्याची रीत त्या काळात पश्चिमेकडील गूढवादी मंडळींत वाढली. इंद्रधनुष्याचे सात रंग तर त्याहूनही अलीकडचे, १९७०च्या दशकात अमेरिकेत रूढ झालेले आहेत. म्हणजे 'विशुद्धी म्हणजे थायरॉइड' हे वाक्य वेदांतलेही नाही, तंत्रांतलेही नाही आणि नाथांचेही नाही. जे आपल्या पूर्वजांनी सांगितलेच नाही त्याच्या भरवशावर कोणी औषध सोडू नये.

बालाघाट (पाटोदा, जि. बीड)

सर्वांचे लेखन दोनदा वाचले. वेदांतल्या बीजाविषयीचा माझा आग्रह मी सोडत नाही, कारण नाडीचा मार्ग तेथे आहे हे गोदाकाठ यांनीही मान्य केले आहे. पण मला आता वेगळी शंका आहे. चक्रे साधकाने 'मांडलेली' असतील, तर ती केवळ कल्पना ठरतात. आमच्याकडचे जुने साधक अनाहताचा, म्हणजे आघाताविना उमटणारा, नाद ऐकू येतो असे सांगतात, ती काय भ्रांती म्हणायची? आणखी एक विचारतो. कुंडलिनी मूलाधारापासून वर चढते, तर ललितासहस्रनामातला क्रम मधूनच, कंठापासून का सुरू होतो?

सूरसंगती (छत्रपती संभाजीनगर)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी गाणाऱ्याच्या अनुभवाने देतो. षड्ज तंबोऱ्याच्या तारेत असतो की ऐकणाऱ्याच्या कानात, हा वाद कितीही घालता येईल, पण रोज पहाटे खर्ज भरणाऱ्याला तो छातीत लागतो हे खरे आहे. वर्षानुवर्षे एका ठिकाणी लक्ष लावले की त्या ठिकाणी काही घडते. ते ठिकाण आधी परंपरेने नेमून दिले म्हणून तिथला अनुभव खोटा होत नाही. शार्ङ्गदेवही अनाहत नाद नाकारत नाही. मुनी गुरूपदिष्ट मार्गाने त्याची उपासना करतात असे तो म्हणतो, आणि त्यात रंजकता नसल्याने लोकांसाठी आहत नादाकडे, म्हणजे गायनवादनाकडे वळतो.

गोदाकाठ (पैठण)

बालाघाट, आपल्या शंकेमागची कळकळ मी समजू शकतो. तंत्रग्रंथांत यासाठी भावना, म्हणजे ध्यानाने मनात साक्षात उभे करणे, हा शब्द आहे, आणि तो हलका नाही. पूजेत आवाहन केल्यावर मूर्तीत देव येतो असे आपण मानतो, तेव्हा मूर्ती पाथरवटाने घडवली हे आपल्याला ठाऊक असतेच.

ज्ञानदेवांकडे पाहिले तर ते या सगळ्याच्या पलीकडे गेलेले दिसतात. सहाव्या अध्यायात पुढे ते म्हणतात की, वर पोहोचल्यावर 'कुंडलिनी' ही भाषाच राहत नाही, तिला मारुत हे नाव येते, आणि शिवाला मिळेपर्यंत तेवढे शक्तिपण उरते. ज्यांनी या मार्गाचे असे वर्णन केले त्यांच्याच हरिपाठात 'योगयाग विधी येणें नोहे सिद्धि । वायांचि उपाधि दंभधर्म' असेही येते. या दोन्हींत मला विरोध वाटत नाही. नाथसंकेत त्यांनी निवृत्तिनाथांकडून घेतला, तो सांगणे हे त्यांचे ऋण होते, आणि सर्वांना झेपेल असा मार्ग देणे हे त्यांचे कार्य होते. आमच्या पैठणात नाथमहाराजांनी, म्हणजे संत एकनाथांनी, शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, म्हणून आज आपण हा कुंडलिनीचा भाग निःशंकपणे वाचू शकतो. भक्तीचा एवढा पुरस्कार करणाऱ्या महाराजांनी योगाचा हा भाग जसाच्या तसा सांभाळला, याकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचे आहे.

कंठापासूनच्या क्रमाविषयी जोगाईमंडप यांनीच लिहावे.

जोगाईमंडप (अंबाजोगाई)

योगिनींच्या त्या नावांचा क्रम सृष्टीचा आहे. तैत्तिरीय उपनिषदात आत्म्यापासून आकाश, आकाशापासून वायू, मग अग्नी, आप आणि पृथ्वी अशी उत्पत्ती सांगितली आहे, आणि आकाशाचे स्थान विशुद्धी असल्याने आरंभ तेथून होतो. मुखांची संख्याही याला जुळते: आकाशाला शब्द हा एकच गुण, वायूला शब्द आणि स्पर्श हे दोन, असे वाढत पृथ्वीला पाच होतात, आणि मुखेही एकापासून पाचांपर्यंत वाढतात. सहावे मुख मनाच्या स्थानाचे, म्हणून हाकिनी सहा मुखांची.

अक्षरांचा क्रमही हाच आहे. विशुद्धीच्या सोळा पाकळ्यांवर सोळा स्वर, अनाहताच्या बारांवर क पासून ठ पर्यंत, मणिपुराच्या दहांवर ड पासून फ पर्यंत, स्वाधिष्ठानाच्या सहांवर ब पासून ल पर्यंत, मूलाधाराच्या चारांवर व, श, ष, स, आणि आज्ञेच्या दोहोंवर ह आणि क्ष. अशी पन्नास अक्षरे पुरी होतात. त्वचेपासून शुक्रापर्यंत धातूंचा क्रम बाहेरून आत जातो, तोही त्याच ओळीने चालतो.

बालाघाट यांना अपेक्षित असलेला वर चढण्याचा क्रमही याच स्तोत्रात आहे, पण तो बराच आधी, ९९व्या नावापासून येतो: 'मूलाधारैकनिलया ब्रह्मग्रन्थिविभेदिनी', मग मणिपुरात विष्णुग्रंथीचा भेद (ग्रंथी म्हणजे येथे वाटेतली गाठ), आज्ञेत रुद्रग्रंथीचा भेद, आणि 'सहस्राराम्बुजारूढा सुधासाराभिवर्षिणी'. तेथे स्वाधिष्ठान, अनाहत आणि विशुद्धी यांची नावेच नाहीत. एकाच स्तोत्रात चढताना चार स्थाने आणि उतरताना सात, अशा दोन्ही गणना आहेत, आणि पाठ करणाऱ्या कोणालाही त्यांपैकी एक गाळावीशी वाटलेली नाही.